मशीन विकलं, पुढं काय? छोट्या कारखान्यानं सर्व्हिसचा धंदा कसा जोडायचा

हे लिहितोय ते स्वतःच्या नावाचं मशीन बनवून विकणाऱ्यांसाठी. म्हणजे वाळूज, चिकलठाणा, जालना, लातूर, नांदेड इथल्या एमआयडीसीत ज्यांचं एखादं शेड आहे, दहा-वीस माणसं आहेत आणि वर्षाला पाच-पन्नास मशीन बाहेर पडतात असे लोक. मोठ्या गाडी कंपनीला ड्रॉइंगप्रमाणे पार्ट पुरवत असाल तर यातलं निम्मंच तुमच्या कामाचं, कारण तिथं शेवटच्या गिऱ्हाइकाशी तुमची गाठच पडत नाही. उदाहरण मी सगळीकडे डाळ मिलच्या मशिनरीचंच घेणार आहे, एक तर माझा रोजचा संबंध त्याच्याशी आणि दुसरं म्हणजे लातूर, उदगीर, जालना या पट्ट्यात हे गिऱ्हाईक भरपूर, पण तुम्ही मळणी यंत्र बनवा, हायड्रॉलिक पॉवर पॅक बनवा नाहीतर पॅकिंग मशीन, हिशोब तोच राहतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आजकाल सेमिनारमध्ये "मशीन विकू नका, वापरावर पैसे घ्या" असं छातीठोक सांगतात, ते ऐकून लगेच उडी मारू नका. ती सगळ्यात वरची पायरी आहे आणि माझ्या मते आपल्यातल्या बहुतेकांनी तिथवर जायची गरजच नाही. पैसा मधल्या पायऱ्यांवर आहे, स्पेअर, एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार), वेळेत दुरुस्तीची हमी, आणि तिथं बँकेकडे हात पसरावे लागत नाहीत.

तसं बघितलं तर वापरावर पैसे घेणं आपल्याकडे कोणाला शिकवायची गरजच नाही. बोअरची गाडी शेतात येते तेव्हा तिची किंमत किती हे कोणी विचारत नाही, फुटाचा रेट काय ते विचारतात. सोयाबीन काढायला मळणीवाला येतो तो पोत्यामागे पैसे घेतो, मशीन त्याचं, डिझेल त्याचं, पट्टा तुटला तरी त्याचाच, शेतकऱ्याला पोती भरून मिळाल्याशी मतलब. हेच काम मोठ्या प्रमाणावर झेरॉक्स कंपनीनं १९५९ साली केलं, त्यांचं ९१४ नावाचं मशीन इतकं महाग होतं की विकत कोण घेणार हाच प्रश्न, म्हणून त्यांनी ते महिना ९५ डॉलर भाड्यानं द्यायला काढलं, त्यात २००० कॉपी फुकट, त्यापुढं कॉपीमागे पैसे. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली या इंग्लंडच्या कंपनीनं आपल्या व्हायपर विमान इंजिनासाठी उडालेल्या तासांवर पैसे घ्यायची स्कीम आणली, पुढं १९६६ ला ती कंपनी रोल्स-रॉइसनं घेतली आणि ही पद्धत त्यांच्याच नावानं गाजली. यात बघण्यासारखं एकच, इंजिन बंद पडलं की आधी बनवणाऱ्याला स्पेअर विकून पैसे मिळायचे, तासावर आल्यावर इंजिन बंद पडलं की त्याचेच पैसे बुडायला लागले. म्हणजे मशीन चालू राहण्यात दोघांचाही फायदा. हा बदल तुमच्या धंद्यात कितपत आणायचा एवढंच ठरवायचंय.

पहिलं काम, यादी

आजपर्यंत विकलेली मशीन कुठं कुठं आहेत याची यादी तुमच्याकडे आहे का? टॅलीत बिलं असतील, पण बिलावर ज्याचं नाव तो माणूस मिल विकून पुण्याला गेला असेल आणि मशीन आता तिसऱ्याच माणसाकडे औशात चालत असेल. एक वही घ्या नाहीतर एक्सेल घ्या, त्यात मशीनचा नंबर, साल, गाव, आताचा मालक, ऑपरेटरचा मोबाईल, मोटर किती एचपीची, शेवटचा मोठा बिघाड कशाचा, एवढे रकाने करा. ऑपरेटरचा मोबाईल मुद्दाम म्हणतोय, मालकाला विचारलं तर "चांगलं चाललंय" म्हणतो आणि ऑपरेटरला विचारलं तर पंधरा मिनिटं तक्रारी ऐकवतो. ही यादी व्हायला महिना जाईल, कंटाळवाणं काम आहे, पण याच्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही आणि यादी करता करताच दोन-चार स्पेअरच्या ऑर्डरी निघतात हे पक्कं.

यादी झाली की मशीनला अवर मीटर बसवायला सुरुवात करा. काही शे रुपयांची वस्तू आहे, पॅनलमध्ये बसते, मोटर किती तास चालली ते दाखवते. सेन्सर, क्लाउड, डॅशबोर्ड हे सगळं विकायला लोक तुमच्याकडे येतील, त्यांना सांगा पुढच्या वर्षी या. आत्ता एवढंच करायचं, दर सोमवारी ऑपरेटरनं अवर मीटरचा आणि पॅनलवरच्या अँपिअर मीटरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा. मागच्या सोमवारी ११ अँपिअर होते आणि या सोमवारी १४ दाखवतंय, माल तोच, मोटर तीच, तर आत काहीतरी घट्ट होतंय, बेअरिंग असेल नाहीतर रोलर आणि जाळीतलं अंतर. असा एक फोन तुम्ही आधी केला ना, "शेठ, तुमच्या दोन नंबरच्या मशीनचा आवाज वाढलाय का बघा बरं", की पुढची अर्धी विक्री तिथंच झाली. फोटो टाकणाऱ्या ऑपरेटरला महिन्याला शे-दोनशेचं रिचार्ज मारून द्या, मालकाला सांगून द्या, चोरून नको.

मशीन थांबल्याचा हिशोब गिऱ्हाइकाच्या टेबलावर मांडा

आपण सर्व्हिसची किंमत आपल्या खर्चावरून ठरवतो आणि गिऱ्हाईक ती स्पेअरच्या किमतीवरून तोलतो, म्हणून घासाघीस संपत नाही. लातूरच्या मिलमध्ये एलिव्हेटरचं, म्हणजे बादल्यांनी माल वर चढवणाऱ्या मशीनचं, यूसीपी २०५ बेअरिंग गेलं समजा. बेअरिंग काही शे रुपयांचं, मोंढ्याच्या आसपास कुठल्याही दुकानात मिळतं. पण ते रात्री आठला गेलं, दुकानं बंद, आणि शाफ्टवर ते असं जाम झालंय की पुलर लावून निघत नाही, मिस्त्री गॅस कटर शोधत फिरतोय. एलिव्हेटर बंद म्हणजे पूर्ण लाइन बंद. बाहेर दोन ट्रक उभे. हमाल पोत्यावर असतात, काम नाही म्हटलं की ते शेजारच्या मिलला जातात आणि उद्या बोलावल्यावर येतीलच असं नाही.

आता आकडे मांडा, हे नुसते नमुन्याचे आहेत, तुम्ही मिलवाल्याला विचारून त्याचेच घाला. दिवसाला १०० क्विंटल माल, क्विंटलमागे १०० रुपये सुटतात असं धरलं तर १०,००० गेले. दोन ट्रकचं होल्टिंग, म्हणजे थांबून राहिल्याचे पैसे, ५,००० आणि पगारी माणसांचा रोज ३,०००. एका दिवसाचा थांबा १८,००० रुपयांचा, बेअरिंग राहिलं बाजूला. हा कागद त्याच्यासमोर त्याच्याच पेनानं भरून घ्या, तुम्ही छापून नेऊ नका, स्वतःच्या हातानं लिहिलेला आकडा माणूस नाकारत नाही. मग सीझनमध्ये असे किती दिवस जातात हे विचारा आणि गप्प बसा. त्या दिवसांचा एकूण तोटा आणि तुमची एएमसी यात जे अंतर निघेल ते तुमचं बोलणं.

फुकटची सवय कशी मोडायची

आपल्या भागात सगळ्यात अवघड हेच. "मालक, मशीन तुमचंच हाय ना, मग पैसे कशाचे मागता?" हे वाक्य ऐकलं नाही असा मशीनवाला मराठवाड्यात सापडायचा नाही. आणि आपणही वर्षानुवर्षं ओळखीखातर फिटर फुकट पाठवलेला असतो, चहा पिऊन येतो बिचारा, पेट्रोल आपलं.

एका रात्रीत बिल लावलं तर गिऱ्हाईक तुटतं. त्याऐवजी असं करा, आजपासून प्रत्येक फुकट व्हिजिटचं सुद्धा बिल द्या. व्हिजिट चार्ज १,८००, लेबर १,२००, स्पेअर ६५०, एकूण ३,६५०, खाली सूट ३,६५०, देय रक्कम शून्य. त्याच्यावर मालकाची सही घ्या. पहिल्यांदा हसतात लोक. पण चार महिन्यांनी ते कागद एकत्र पिन करून समोर ठेवले की त्यालाच कळतं आपण किती खाल्लंय, आणि तेव्हा तुम्ही सांगायचं, "शेठ, वॉरंटी संपली, आता दोन रस्ते आहेत, प्रत्येक वेळी हे बिल भरा नाहीतर वर्षाचं एकदाच ठरवू." बरेच जण वर्षाचं घेतात. जे दोन्हीला नाही म्हणतात त्यांना स्पेअर रोखीनं द्या, गोड बोला, पण फिटर पाठवू नका. हे कठोर वाटेल, पण एकाला फुकट चालू ठेवलं की मोंढ्यात संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

स्पेअरपासून सुरुवात, आणि रोलर बदलून द्यायची स्कीम

एएमसीच्या आधी स्पेअर किट काढा. तुमच्या मशीनमध्ये हमखास जाणारे पाच-सात भाग, बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील, एलिव्हेटरच्या बादल्या आणि बोल्ट, जाळी, एका पेटीत भरून सीझनच्या आधी गिऱ्हाइकाकडे ठेवून या. जेवढं वापरलं तेवढ्याचंच बिल. रात्री आठच्या बेअरिंगचा प्रश्न अर्धा इथंच सुटतो. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवा, नंबर मोठ्या अक्षरात, कारण पेटी उघडणारा घाईत असतो.

डाळ मिलमध्ये याहून चांगली सर्व्हिस म्हणजे रोलरची. तुरीचं टरफल काढायचा एमरीचा रोलर घासत जातो, धार गेली की ऑपरेटर माल जास्त वेळा फिरवतो नाहीतर दाब वाढवतो, मग चुनी, म्हणजे डाळीचा तुकडा-चुरा, वाढते, मालकाला वाटतं यंदा तूरच खराब आलीय. रोलरवर नवा थर चढवायचा तर तो काढा, पाठवा, थर द्या, तो वाळायलाच काही दिवस लागतात, म्हणून ऐन सीझनमध्ये कोणीच रोलर काढत नाही, घासलेल्यावरच ओढतात. तुम्ही गॅस सिलिंडरसारखं करा, भरलेलं द्यायचं, रिकामं न्यायचं. दोन-चार रोलर थर देऊन तयार ठेवा, सकाळी फिटर नवा बसवतो आणि जुना घेऊन येतो, मिल दुपारी चालू. यात तुमचं भांडवल दोन-चार रोलरपुरतंच अडकतं आणि गिऱ्हाईक सीझनमध्ये ठराविक तासांनी तुमच्याकडे येणारच. आपल्यासारख्यांना मला सगळ्यात आवडणारा प्रकार हाच आहे, भाड्याच्या भानगडीपेक्षा शंभर पटीनं बरा. तुमच्या मशीनमध्ये रोलर नसेल तर विचार करा, कुठला भाग असा आहे जो झिजतो, दुरुस्तीला वेळ खातो आणि गिऱ्हाईक तोपर्यंत थांबू शकत नाही. पंप असेल, गिअर बॉक्स असेल, मोटर असेल.

एएमसीचा रेट, आणि मशीनची दाटी

लोक मशीनच्या किमतीच्या अमुक टक्के लावून एएमसीचा रेट काढतात. तसं करू नका, कारण खर्च मशीनच्या किमतीवर नाही, मशीन एकमेकांपासून किती लांब आहेत यावर ठरतो. संभाजीनगरहून उदगीरला माणूस पाठवला की जाण्यातच दिवस जातो, काम तासाभराचं.

परत नमुन्याचे आकडे. लातूर-औसा-उदगीर पट्ट्यात तुमची १० मशीन एएमसीत आहेत, एक फिटर तिथंच राहतो. त्याचा पगार, पीएफ, बोनस धरून वर्षाला ३ लाख, पेट्रोल ७२,०००, स्पेअर मशीनमागे १५,००० प्रमाणे दीड लाख, टूल, फोन, विमा ३०,०००. झाले ५,५२,०००, म्हणजे मशीनमागे ५५,२००. आता त्याच पट्ट्यात २५ मशीन झाली तर पगार तोच ३ लाख, पेट्रोल १ लाख, स्पेअर ३,७५,०००, बाकी ४०,०००, एकूण ८,१५,०००, मशीनमागे ३२,६००. बावीस हजारांचा फरक फक्त दाटीचा. दोन्हीकडे अचानक खर्चासाठी १५ टक्के आणि वर तुमचा नफा घाला, पण पहिल्या केसमध्ये रेट ७५,००० च्या घरात जातो आणि मिलवाला दार दाखवतो, दुसऱ्यात ४५,००० ला हसत सही करतो.

याचा अर्थ असा की आठही जिल्ह्यांत एकदम सर्व्हिस सुरू करायची नाही. एक पट्टा धरा, तिथं जुनी मशीन सगळी एएमसीत आणा, नवीन विक्रीलाही तिथं थोडा जास्त डिस्काउंट द्या, वीसच्या वर गेलात की मग पुढचा पट्टा. एखाद-दुसरं मशीन किनवटला किंवा परांड्याला असेल तर त्याला एएमसी नको, बोलावलं तसं बिल.

आणि हो, सेल्सच्या पोराला मशीन विकल्यावर कमिशन मिळतं आणि एएमसीवर काहीच नाही, मग तो एएमसीबद्दल बोलणार कशाला? उलट "सर्व्हिस फ्री देतो की शेठ" असं तोंडी बोलून मोकळा होतो. त्याला एएमसीचं कमिशन दरवर्षी रिन्यूवलला द्या.

लोकल मिस्त्रीला दुष्मन करू नका

प्रत्येक गावात एक मिस्त्री असतो जो इतकी वर्षं तुमचं मशीन दुरुस्त करत आला. वेल्डिंग, लेथ, मोटर रिवाइंडिंग सगळ्यांत त्याचा हात, मिलवाला त्याला रात्री दोनला उठवतो. तुम्ही एएमसी घेऊन आलात की त्याचं पोट जातं, आणि तो मग तुमच्या मशीनबद्दल काय काय बोलेल ते विचारू नका. त्याला आत घ्या. त्याला डीलर रेटनं स्पेअर द्या, एएमसीतल्या मशीनवर रात्रीचा कॉल त्यानं घेतला तर कॉलमागे ठरलेले पैसे द्या, एकदा कारखान्यात बोलावून दोन दिवस मशीन उघडून दाखवा, जेवण घाला, शर्ट द्या कंपनीच्या नावाचा. फक्त एक अट, काम केल्यावर जुना पार्ट फेकायचा नाही, तुमच्या फिटरकडे द्यायचा. जुन्या पार्टवरूनच कळतं बेअरिंग ग्रीस नसल्यानं गेलं, धूळ जाऊन गेलं की शाफ्टच वाकडा होता. तो वाकडा शाफ्ट तुमच्या शेडमधूनच गेला असेल तर तेही कळतं आणि पुढच्या बॅचमध्ये सुधारता येतं, हा सर्व्हिसचा फायदा कोणी हिशोबात धरत नाही.

नवीन फिटर घेताना आयटीआयचा मुलगा घ्या, पण मशीन असेंब्लीवर तीन-चार महिने काम केल्याशिवाय बाहेर पाठवू नका. पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर), सेन्सर, न्यूमॅटिक्सचं (हवेच्या दाबावर चालणाऱ्या भागांचं) शिकवायचं असेल तर चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर एकदा जाऊन बघाच, महागडी टेस्टिंग आणि मोजमापाची मशीन तिथं एकाच ठिकाणी आहेत आणि छोटे कारखाने वापरापुरते पैसे देतात, ज्या धंद्याबद्दल आपण बोलतोय तोच धंदा.

करारात काय लिहायचं

दोन पानांचा करार पुरे, पण मराठीत, मिलवाल्याला आणि ऑपरेटरला दोघांना समजेल असा. कॉल आल्यापासून किती तासांत माणूस पोचेल ते लिहा, "किती तासांत मशीन चालू होईल" हे पहिल्या वर्षी लिहू नका. तास कधी मोजायला लागायचे? व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला मेसेज आल्यापासून, फोनवरच्या बोलण्यापासून नाही. सीझनमध्ये वेगळे तास, पावसाळ्यात वेगळे.

व्होल्टेजचं कलम विसरू नका. मराठवाड्यात मोटर जळण्याचं निम्मं कारण लाइन असते, एक फेज जाते आणि अशा वेळी मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर कोणीतरी बायपास केलेला असतो. प्रिव्हेंटर आणि ओव्हरलोड रिले चालू असेल तरच मोटर एएमसीत, बायपास दिसला तर नाही, आणि फिटरनं प्रत्येक व्हिजिटला पॅनलचा फोटो काढून ठेवायचा. भांडण होईल तेव्हा तोच फोटो कामाला येतो.

एएमसीत न येणाऱ्या गोष्टीही मुद्दाम लिहा. ग्रीसिंग रोज ऑपरेटरनं करायचं, मॅग्नेट साफ करायचं, खडे-लोखंड आत गेलं तर तो खर्च गिऱ्हाइकाचा.

उताऱ्यावर पैसे घेण्याचा मोह

आता वरच्या पायऱ्या. कधीतरी एखादा हुशार मिलवाला म्हणणार, "एएमसी बिएमसी सोडा, डाळीचा उतारा दोन टक्के वाढवून द्या, वाढलेल्यात तुमचा वाटा." ऐकायला लई भारी वाटतं. पण उतारा, म्हणजे तुरीतून किती डाळ निघते ते, कशाकशावर ठरतो बघा, तुरीचा ओलावा, दाण्याचा आकार, तेल-पाणी किती लावलं, किती वाळवलं, ऑपरेटर कोण आणि शेवटी मशीन. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ पांढरी तूर आणि बीएसएमआर ७३६ लाल तूर एकाच सेटिंगवर सारखी चालेल असं धरू नका, त्यात आडतीवर माल मिसळून येतो. म्हणजे ज्याच्यातलं बरंचसं तुमच्या हातात नाही त्यावर तुम्ही तुमचे पैसे लावणार. करायचंच असेल तर आधी एक पूर्ण सीझन त्याच मिलचा उतारा लॉटप्रमाणे वजन करून लिहून काढा, वजनकाट्याची पावती लावून, मग त्या आकड्याला पाया धरून बोला. मिलवाल्याला वजन लिहायचं नसेल तर विषय तिथंच संपला.

क्विंटलमागे भाडं, यात एकच शत्रू, दुष्काळ

मशीन तुमचं, मिल त्याची, क्विंटलमागे २५ रुपये असं समजा. वर्षाला २०,००० क्विंटल झालं तर ५ लाख. मशीन बनवायला ९ लाख लागले, ते तुम्ही ११ टक्क्यांनी चार वर्षांसाठी उचलले, हप्ता महिन्याला २३,००० च्या पुढं, वर्षाचे पावणेतीन-तीन लाख, वर सर्व्हिसचे चाळीस हजार. चांगल्या वर्षी दीड-पावणेदोन लाख सुटतात. आणि तूर पडली, मिल ८,००० क्विंटलच चालली तर? आले २ लाख, गेले सव्वातीन. बँकेला पाऊस किती झाला याच्याशी देणंघेणं नाही.

हे फक्त आपलंच दुखणं नाही. २०२० ला कोरोनात विमानं जमिनीवर आली तेव्हा रोल्स-रॉइसच्या मोठ्या इंजिनांचे उडालेले तास निम्म्याहून जास्त घटले, पैसे तासावर असल्यामुळं उत्पन्नही आटलं आणि कंपनीला त्या वर्षी मोठा तोटा झाला. एवढ्या मोठ्या कंपनीला हे होतं. आपल्याकडे कोरोनाचं काम दुष्काळ करतो, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते विसरलेलं नाही कोणी.

म्हणून क्विंटलवर द्यायचंच असेल तर किमान बिल ठरवा. वरच्या हिशोबात १३,००० क्विंटलचे सव्वातीन लाख, मिल चालो न चालो, ते येणारच, त्याच्या वरचं वापरावर. सिक्युरिटी डिपॉझिट घ्या. एकाच पट्ट्यात सगळी मशीन भाड्यानं देऊ नका, इथं मात्र दाटी उलटी पडते, पाऊस गेला की सगळेच एकदम बसतात. आणि पहिल्यांदा नवीन मशीन देऊ नका, एक्स्चेंजमध्ये आलेलं जुनं मशीन ओव्हरहॉल करून ते भाड्यानं द्या, त्यात कर्ज नाही.

मशीन त्याच्या शेडमध्ये राहतं पण मालकी तुमची, तेव्हा तुमच्या नावाची पाटी रिव्हेट मारून लावा, चिकटवून नको. मिलवाल्याचं बँकेत कॅश क्रेडिट (धंद्याच्या चालू खर्चासाठीचं कर्ज) असतं आणि शेडमधली मशिनरी बऱ्याचदा बँकेकडे तारण असते, उद्या खातं थकलं आणि बँकेनं सील लावलं तर तुमचं मशीन आतच. करार ५०० च्या स्टॅम्पवर करा, त्याच्या बँकेला हे मशीन आमचं आहे असं पत्र देऊन पोच घ्या, विमा तुमच्या नावानं काढा.

कागदपत्रं थोडक्यात. एएमसी ही सर्व्हिस, त्यावर १८ टक्के जीएसटी, बिलाचा कोड वेगळा, आणि गिऱ्हाईक पैसे देताना टीडीएस कापू शकतो, हे आधी सीएशी बोलून घ्या म्हणजे हातात किती येतील ते कळेल. उद्यम नोंदणीत (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सर्व्हिसचं कामही जोडून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, करार असेल तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, २००६ च्या कायद्यात आहे, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम गिऱ्हाइकाला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे मिलवाल्याच्या सीएला चांगलं माहीत असतं, तुम्ही फक्त बिलावर उद्यम नंबर छापा, मार्चमध्ये पैसे आपोआप हलतात.

रिन्यूवल कधी करायचं? मार्च-एप्रिलमध्ये नाही, तेव्हा मिल जोरात असते, मालक भेटतच नाही. दिवाळीच्या आधी जा, नवीन तूर यायला अजून महिना-दोन महिने असतात, पाडव्याला वह्या बदलतात, माणूस पुढच्या वर्षाचं बोलायच्या मूडमध्ये असतो. जाताना वर्षभराच्या व्हिजिटचा एक कागद न्या, किती वेळा आलो, किती तासांत पोचलो, कुठले पार्ट बदलले. ज्या मिलमध्ये एएमसीच्या रकमेपेक्षा जास्त खर्च झाला तिथं रेट वाढवा, कारण सांगून वाढवा, नसेल पटत तर त्याला परत व्हिजिट बिलावर टाका. आणि सही झाली की पहिला हप्ता त्याच दिवशी घ्या, "सीझन झाल्यावर बघू मालक" यावर हो म्हणू नका, सीझन झाल्यावर तो तिरुपतीला गेलेला असतो.